हवेतील इत्तिला

नागपूरकर भोसल्यांचे खालसा झालेले राज्य आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र जोडून इंग्रज सरकारने २ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्यप्रांत निर्माण केला, तेव्हा चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्ह्याच्या कचेरीत जे दप्तर हळूहळू साचू लागले त्यात जमिनीची मोजणी होती, मालगुजारांच्या कैफियती होत्या, अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्यांच्या हक्कांची छाननी होती, आणि या सर्वांच्या जोडीला, आजवर कोणत्याही अंमलाने ज्याची खानेसुमारी केली नव्हती त्या अरण्याचाही हिशेब होता. प्रांताच्या जंगलखात्याची घडी कॅप्टन पिअर्सन याने त्या सुमारास बसवावयास घेतली होती. मेजर ल्यूसी स्मिथ याचा चांदा जिल्ह्याच्या बंदोबस्ताचा अहवाल १८६९ सालचा. १८६५ आणि १८७८ चे वनकायदे एकामागून एक आले. आणि वैनगंगा, वर्धा व प्राणहिता यांच्या खोऱ्यांतील सागवानाच्या राईंना मुनारे घालून, त्यांची राखीव जंगलांत वाटणी करून, कोणत्या कूपातील कोणती झाडे कोणत्या वर्षी पडावीत येथवर सारे ठरविणारी एक शिस्तबद्ध व्यवस्था पुढील चाळीस-पन्नास वर्षांत उभी राहिली.

या व्यवस्थेचा सारा भार डोळ्यावर होता. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजावा, खोडाचा सरळपणा पाहावा, पोकळी असल्यास नोंदवावी, तोडीस योग्य ठरलेल्या खोडावर घणाची मोहोर उठवावी, आणि बीटगार्डाने पायी हिंडून जे दिसले ते जमादाराच्या आणि रेंजरच्या मार्फत वर कळवावे, असा तो क्रम होता. लाकडाचा बाजार करावयास एवढी दृष्टी पुरेशी होती. परंतु जे झाड आज उभे आहे, हिरवे आहे, आणि तरीही आतून बिघडू लागले आहे, त्याची वार्ता या क्रमात शिरावयास वावच नव्हता. रोग दप्तरात येई तो बहुधा मरणोत्तर शेऱ्याच्या रूपाने, म्हणजे पाने करपल्यावर, साल सुटल्यावर, किंवा तोडलेल्या ओंडक्यात किड्याने केलेली भोके दिसल्यावर. त्याआधी कितीतरी दिवस झाडाने आपल्या दुखण्याची इत्तिला हवेच्या मार्गाने दिलेली असते, आणि ती वाचणारे साक्षर अरण्यात पूर्वीपासून नांदत असतात, हे माणसाच्या ध्यानी यावयास विसावे शतक बरेच सरावे लागले. ते कसे ध्यानी आले, आणि त्यात या जंगलमुलुखाचा व त्याच्या शेजाऱ्यांचा वाटा कोणता, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

आलापल्ली, बल्लारपूर, सिरोंचा या बाजूचा साग मृगाच्या सरींनी नव्या पालवीस येतो. या पालवीतील एखादे कोवळे पान तळव्यांत चुरडले तर हात कुंकवासारखे लाल होतात, हे या भागातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. त्याच पालवीवर पावसाळ्याच्या तोंडाशी एका पतंगाच्या अळ्या तुटून पडतात. शास्त्रज्ञ त्याला हिब्लिया प्युएरा म्हणतात, आणि ही अळी मोठ्या शिरा तेवढ्या शिल्लक ठेवून पान फस्त करते. तिचा भर ओसरतो न ओसरतो तोच पावसाळ्याच्या उत्तरार्धात दुसरी अळी येते, युटेक्टोना मॅकेरॅलिस नावाची, आणि तिची रीत निराळी आहे. ती पानाच्या शिरांना, अगदी बारीकसारीक शिरांनाही, तोंड लावीत नाही. त्यांच्यामधला हिरवा गर तेवढा खरवडून खाते. असे पान उन्हाकडे धरून पाहावे: देठापासून टोकापर्यंत शिरांचे जाळे जसेच्या तसे शाबूत, आणि त्याच्या प्रत्येक घरात आता आरपार उजेड. भाद्रपदात जेव्हा भाताच्या बांध्या हिरव्यागार असतात, तेव्हा त्यांच्यामागच्या टेकड्यांवरील सागाची बने वणवा फिरून गेल्यासारखी तांबूस दिसतात, ती या जाळ्यांमुळे. झाड मरत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पालवते. परंतु त्या हंगामात पानांनी जे लाकूड घडवावयाचे ते घडत नाही. केरळातील निलांबूरच्या तरुण सागबागांत पुढे झालेल्या मोजणीत पहिल्या जातीच्या अळीमुळे वाढीचे सुमारे ४४ टक्के नुकसान होते असे आढळले, त्यावरून या अदृश्य तोट्याचा अंदाज यावा.

डेहराडून येथे १९०६ साली वनसंशोधन संस्था स्थापन झाली आणि तिच्या कीटकशाखेचा आरंभ स्टेबिंग याने केला. त्याच्या मागून आलेल्या बीसन याने हिंदुस्थानच्या जंगली कीटकांवर आयुष्य वेचले, आणि १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बृहद्ग्रंथात सागाच्या या शत्रूंवर जो उपाय सुचविला तो त्या काळाच्या मानाने विलक्षण होता. सागाची एकसलग लागवड करू नये, मधूनमधून नैसर्गिक जंगलाचे पट्टे राखावेत, आणि सागाखालची झुडपे सरसकट तोडून टाकण्याऐवजी ज्यांच्यावर निरुपद्रवी अळ्या पोसतात ती जाणून राखावीत, म्हणजे त्या अळ्यांवर जगणाऱ्या परजीवी माश्या व गांधीलमाशीच्या जातीचे सूक्ष्म कीटक बारमाही तेथे नांदतील आणि सागावर अळी पडताच तिच्यावर चालून येतील, असा त्याचा अभिप्राय होता. त्या सूक्ष्म कीटकांना लक्षावधी पानांच्या छतातून नेमके अळीग्रस्त पान सापडते तरी कसे, हा प्रश्न या उपायाच्या पोटात दडलेला होता; त्याचे उत्तर मिळावयास मात्र आणखी अर्धे शतक जावे लागले.

मध्यंतरी याच प्रांताच्या उत्तरेला एक अनर्थ कोसळला होता. चांद्याचा साग आणि मंडल्याचा साल हे दोन निराळ्या स्वभावांचे वृक्ष, पण एकाच प्रांतिक जंगलखात्याच्या अमलाखालचे. त्यामुळे मंडल्याकडे जे घडले ते चांद्याच्या वनाधिकाऱ्यांनाही परके नव्हते. १९२३ ते १९२८ या वर्षांत मध्यप्रांतातील सालवनांवर खोड पोखरणाऱ्या एका लांब मिशांच्या भुंग्याची साथ आली आणि तीत सुमारे ७० लाख झाडे मेली. हा भुंगा पहिल्या पावसासरशी बाहेर पडतो, मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, आणि अळ्या आधी बाहेरचे कोवळे लाकूड व मग गाभा कोरीत जातात. निरोगी सालवृक्ष आपली राळ एवढ्या जोराने सोडतो की शिरलेल्या अळ्या तिच्यातच बुडून मरतात. अवर्षणाने, दाटीने किंवा वार्धक्याने खचलेल्या झाडाच्या अंगी ही ताकद नसते. म्हणून भुंगा दुबळे झाड हेरतो. बुंध्याशी भुश्याची रास दिसू लागते आणि शेंडा तांबूस पडतो तेव्हा वनरक्षकाला त्याची खबर लागते, आणि तोवर त्या झाडापुरता निकाल लागून गेलेला असतो.

या शत्रूवर जो इलाज रूढ झाला तो भुंग्याच्याच एका व्यसनावर बेतलेला होता. नुकत्याच तोडलेल्या सालाच्या रसाचा वास या भुंग्याला अनावर असतो. तेव्हा कमी मोलाची काही झाडे पावसाच्या आरंभी पाडावयाची, त्यांचे पुरुषभर लांबीचे तुकडे करावयाचे, टोके ठेचून साल अशी झिंजरावयाची की रस पाझरू लागेल, आणि मग वाट पाहावयाची. दूरदूरचे भुंगे त्या वासाने ओढले येतात, रस पितात, सुस्तावतात, आणि मजूर त्यांना हातांनी वेचून मारतात. मजुरी दिली जाते ती वेचलेल्या भुंग्यांच्या गणतीवर. १९९६ ते १९९८ मध्ये मंडला, दिंडोरी, बालाघाट या भागांत जेव्हा हीच साथ पुन्हा उसळली, तेव्हाही मुख्य भिस्त या सापळा-झाडांवरच होती. विचार करून पाहिले तर सरकारी खजिन्यातून येथे वासावर पैसा खर्च होत होता. झाडातून हवेत जे सुटते त्यावर कीटकाचा सारा व्यवहार चालतो ही गोष्ट खात्याने कामापुरती मान्य केली होती. पण ती केवळ आमिष म्हणून. त्याच वासाला वार्ता समजून ती आपणही वाचावी, हा विचार कोणाला सुचला नाही, कारण माणसाच्या नाकाला तो वास इतका पुसट येतो की त्यातून काही बोध होणे अशक्य, आणि नाकाहून तीक्ष्ण असे साधन त्या काळी कोणापाशी नव्हते.

जेथे वास उग्र असे तेथे माणसाने रोगाची परीक्षा नाकाने केलीच होती. १९३१ साली मनोरंजन मित्र यांनी कर्नाल येथील गव्हाच्या ज्या काणी रोगाचे वर्णन केले, त्या रोगाचा दाणा सडक्या मासळीसारखा घाण मारतो, आणि त्याचे कारण ट्रायमिथिलअमाइन नावाचे द्रव्य हे आता सिद्ध आहे. परंतु अशी उदाहरणे थोडी. वनस्पती आणि हवा यांच्या देवघेवीचा शास्त्रीय धागा निराळ्याच ठिकाणी हाती लागला. रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत नेल्यूबोव्ह याला १९०१ साली दिसून आले की दिव्याच्या गळक्या वायूतील एथिलीन वाटाण्याच्या रोपांना वाकडेतिकडे वाढावयास लावते. आणि १९३४ मध्ये इंग्लंडात गेन याने सिद्ध केले की पिकणारे सफरचंद स्वतःच एथिलीन निर्माण करून हवेत सोडते. बाहेरून येणारे विष म्हणून ज्याची ओळख झाली ते द्रव्य वनस्पतीच्या घरचेच निघाले. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन यांनी वायूंचे मिश्रण घटकाघटकांत वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफीची पद्धती दिली, आणि पानाभोवतालच्या चिमूटभर हवेतील अब्जांश प्रमाणातले द्रव्यही मोजता येण्याचा मार्ग मोकळा झाला.

तरीही १९८३ साली अमेरिकेत बाल्डविन आणि शुल्ट्झ यांनी पॉप्लर व मेपलच्या रोपांवरून, आणि ऱ्होड्स याने विलोच्या झाडांवरून, एका झाडाला इजा झाली की शेजारची झाडे आपल्या पानांतील प्रतिकारक द्रव्ये वाढवितात असे प्रतिपादिले, तेव्हा विद्वत्सभेत टिंगल अधिक झाली आणि प्रयोगांच्या मांडणीवर आक्षेपांचा भडिमार झाला. वृत्तपत्रांनी झाडे बोलतात अशा मथळ्यांनी विषयाची जी शोभा केली तिचाही या उपहासाला हातभार लागला. या वादाला ठाम भूमी मिळाली ती कीटकांकडून. हॉलंडमध्ये डिक आणि साबेलिस यांनी १९८८ च्या सुमारास दाखवून दिले की कोळीकिडीने ग्रासलेली घेवड्याची पाने असे वास सोडतात की त्या किडीला खाणारी दुसरी कीड त्यांच्या रोखाने चालत येते. आणि १९९० साली फ्लॉरिडात टर्लिंग्ज, टमलिन्सन व लुइस यांनी मक्यावर केलेल्या प्रयोगात याहून सूक्ष्म भेद उघड झाला. मक्याचे पान नुसते ब्लेडने कापले असता ती विशिष्ट टर्पीन द्रव्ये फारशी निघत नाहीत. अळीने चावले, किंवा कापलेल्या जागी अळीच्या तोंडातील स्राव लावला, तर काही तासांनी ती भरपूर सुटतात, आणि अळीच्या अंगात अंडी घालणारी लहानगी गांधीलमाशी त्यांच्या मागाने नेमकी येऊन पोहोचते. बीसनच्या झुडपांत बारमाही नांदणारे ते सूक्ष्म कीटक अळी कशी हुडकतात, या प्रश्नाचे उत्तर सागावर नव्हे तर मक्यावर, पण अखेर मिळाले.

येथे या द्रव्यांची थोडी फोड केली पाहिजे. पान फाटताच त्याच्या पेशींच्या आवरणातील स्निग्धाम्ले काही क्षणांत तुटतात आणि सहा कार्बनी हेक्झेनल वगैरे द्रव्ये उडतात. नुकत्याच कापलेल्या गवताचा जो ताजा, किंचित उग्र वास येतो तो यांचाच. ही पहिली आरोळी, आणि ती कोणत्याही जखमेची. तासांनंतर, क्वचित एका दिवसानंतर, येतात ती टर्पीने, आणि त्यांच्या प्रमाणात खाणारा कोण याची खूण असते. बुरशी, जिवाणू किंवा विषाणू शिरला तर वनस्पती बहुधा वेगळ्या वाटेने जाते: सॅलिसिलिक आम्ल तयार करते आणि त्याचाच एक उडणारा अवतार, मिथिल सॅलिसिलेट, हवेत सोडते. दुखऱ्या सांध्यांना चोळावयाच्या मलमाचा ओळखीचा वास तो हाच. शुलाएव, सिल्व्हरमन आणि रास्किन यांनी १९९७ साली तंबाखूच्या झाडावर हे सिद्ध केले की विषाणूची बाधा झालेले रोप हे द्रव्य सोडते आणि शेजारचे निरोगी रोप ते ग्रहण करून आपला प्रतिकार सज्ज करते. चौदा वर्षांपूर्वी ज्या कल्पनेची थट्टा झाली होती तिच्या नावे अशा रीतीने रासायनिक दाखला जमा झाला.

चांदा-गडचिरोलीच्या वाचकाला सागाइतकेच जवळचे पीक म्हणजे धान. झाडीपट्टीत मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाण्यावर रोवणी होते, आणि सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राचा पुष्कळसा श्रम गादमाशी, खोडकिडा, तुडतुडे, करपा व कडाकरपा यांच्याशी झुंजण्यात गेला आहे. गादमाशीची अळी रोपाच्या वाढत्या कोंबात शिरते आणि लोंबीऐवजी कांद्याच्या पातीसारखा पोकळ चंदेरी पोंगा वर येतो. शेतकरी धुऱ्यावरून तो पाहतो तेव्हा त्या फुटव्याचे पीक बुडालेले असते. तपकिरी तुडतुड्यांचेही तसेच: ते बुंध्याशी बसून रस शोषतात, वरून बांधी हिरवी दिसते, आणि मग एकाएकी गोल गोल ठिगळे जळून गेल्यासारखी वाळतात. परंतु चीनमधील झेजियांग विद्यापीठातील अभ्यासकांना असे दिसले की तुडतुडे लागलेले भातरोप लिनॅलूलसारखी सुगंधी द्रव्ये अधिक सोडते आणि तुडतुड्यांच्या अंड्यांवर जगणारी, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी माशी त्या वासावर येते; आणि भाताच्या सर्व जातींना ही हाक सारख्याच जोराने मारता येत नाही. ज्या मुलुखात चिन्नोरच्या तांदळाची पारख शिजत्या भाताच्या वाफेवरून होते, तेथे धानाच्या वासावर माणसाचे लक्ष नव्हते असे कसे म्हणावे? मात्र ते लक्ष दाण्याच्या वासाकडे होते. बांधीतल्या उभ्या रोपाचा वास कीटकांच्या हवाली होता.

उपकरणांचा इतिहास याच्या समांतर चालला. १९८२ साली इंग्लंडातील वॉरिक विद्यापीठात पर्सौड आणि डॉड यांनी निरनिराळ्या वायुसंवेदकांच्या संचातून गंधाची एक आकृती मिळविणारे कृत्रिम नाक तयार केले. एकेक द्रव्य ओळखण्याचा हट्ट सोडून सर्वांच्या मेळातून निघणारा नमुना ओळखावा, हे त्याचे तत्त्व. पुढे कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय झाडांच्या ग्रीनिंग रोगाची चाहूल त्यांच्या भोवतालच्या हवेवरून घेण्याचे प्रयोग झाले. हा रोग नागपुरी संत्र्यालाही अपरिचित नाही, आणि त्याची दृश्य लक्षणे प्रकट व्हावयास महिने, कधी वर्षे लागतात, म्हणून या प्रयोगांचे मोल विशेष. २०१९ मध्ये उत्तर कॅरोलायनातील विद्यापीठाच्या संशोधकांनी टोमॅटोवरील उशिराचा करपा, म्हणजे १८४५ नंतर आयर्लंडात बटाटे नासवून ज्याने दुष्काळ पाडला तोच रोग, पानाजवळच्या हवेवरून ओळखणारी रंग बदलणारी एक पट्टी मोबाइल फोनला जोडून दाखविली. लागण केल्यापासून दुसऱ्या दिवशीच ती रोग दर्शवू लागली. आणि २०२० साली फ्लॉरिडातून वृत्त आले की शिकविलेले कुत्रे ग्रीनिंगग्रस्त झाड शंभरात नव्याण्णव वेळा अचूक ओळखतात. यंत्रांच्या या शर्यतीत कुत्र्याने पुढे असावे, यात खेद मानण्याचे कारण नाही. वाचावयाचा मजकूर हवेत खरोखरीच आहे, याचा तो सर्वांत रोकडा पुरावा होय.

मग हे साधन आलापल्लीच्या रानात आणून उभे केले की काम झाले काय? प्रयोगशाळेतील काचपात्र आणि वैशाखातले चांद्याचे जंगल यांत फार अंतर आहे. पारा ४५ अंशांच्या वर गेला की निरोगी झाडही आपल्या द्रव्यांचे प्रमाण पालटते. पाण्याच्या ताणाने पालटते. मोहाची फुले पडू लागली की त्यांच्या घमघमाटात साऱ्या सूक्ष्म खुणा बुडतात. तेंदूपानाच्या हंगामात वणव्यांचा धूर असतो. आणि मिश्र जंगलात शेकडो जातींच्या झाडाझुडपांची हवा एकमेकींत मिसळलेली असते. पहिली जखमेची आरोळी तर गाईने फांदी ओरबाडली तरी उठते. तेव्हा एका वासावरून एका रोगाचे निदान करू म्हणणाऱ्याने आपल्या दाव्याला वेसण घातलेली बरी.

तथापि या भागाच्या अलीकडील इतिहासाने एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण करून ठेवली आहे. १९७४ साली महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि चंद्रपूरच्या परिसरात मिश्र जंगल काढून त्या जागी एकाच वयाच्या सागाची विस्तीर्ण लागवड झाली. बीसनने ज्याविषयी सावध केले होते तीच ही एकसुरी रचना. अळीला ती पर्वणी. पण जेथे एकच जात आणि एकच वय आहे तेथे हवाही एकजिनसी असते, आणि तिच्यात पडलेला फरक वाचणे सोपे जाते. जी मांडणी रोगाला निमंत्रण देते तिच्यातच त्याची वर्दी लवकर लागण्याचीही सोय आहे. निलांबूरला नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले आहे की सागावरील अळीची मोठी धाड अकस्मात सर्वत्र पडत नाही. आधी काही थोड्या ठिगळांत ती सुरू होते आणि तेथून पिढी-दरपिढी फैलावते. ही पहिली ठिगळे शेंड्यांवर असतात, खाली चालणाऱ्या वनरक्षकाला ती दिसत नाहीत. हवेची परीक्षा उपयोगी पडेल तर ती येथे, आणि त्या मर्यादित कामापुरती.

वर्दी पोहोचावयाची कोणाकडे, हाही प्रश्न आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. १९८२ साली चांद्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि त्यामागून जिल्ह्यातील शेकडो ग्रामसभांनी आपापली जंगले सांभाळावयास घेतली. जंगलात रोज जाणारा माणूस आता खात्याचा नोकर असेलच असे नाही. तो बहुधा बांबू, तेंदू किंवा मोह यांवर हक्क असलेला गावकरी असतो. फोनला जोडावयाची पट्टी उद्या स्वस्त झाली, तर ती वापरण्याचा आणि तिने दिलेल्या वार्तेवर निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्याकडे असला पाहिजे. नाहीतर मैलोगणती पायपीट त्याची आणि निकाल दूरच्या कचेरीचा, ही जुनी तऱ्हा नव्या यंत्रासह कायम राहील.

या सर्वांच्या आधी एक काम करावयाचे आहे, आणि त्याला फार मोठे यंत्र लागत नाही. आजारी हवा ओळखावयाची तर निरोगी हवेचा दाखला हाताशी पाहिजे; ज्वर मोजणाराला अंगाची स्वाभाविक ऊब ठाऊक असावी लागते. आलापल्लीजवळ जुन्या नैसर्गिक जंगलाचा सुमारे ६ हेक्टरांचा एक तुकडा १९५३ पासून कुऱ्हाडीपासून राखलेला आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने तो ओळखला जातो, आणि २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. आजवर त्याच्या जुनाट सागांच्या घेरांचे कौतुक झाले. त्याच तुकड्यात, आणि तुलनेसाठी महामंडळाच्या एखाद्या लागवडीत, पालवीपासून पानगळीपर्यंत ऋतुमानाप्रमाणे हवेचे नमुने घेऊन त्यांचे पृथक्करण काही वर्षे सातत्याने नोंदवून ठेवले, तर जाळीदार पानांची तक्रार येण्यापूर्वी काय पालटते हे सांगण्याइतका आधार पुढच्या पिढीच्या हाती राहील. साथींचा इतिहास पाहता एवढे निश्चित दिसते की या अरण्यांचे नुकसान उपायांच्या अभावाने जेवढे झाले त्याहून अधिक वार्ता उशिरा लागल्याने झाले. आणि उशीर टाळण्याचा मार्ग मोजणीतून जातो, ही गोष्ट ज्या प्रांताने दीडशे वर्षांपूर्वी आपल्या सागाचा घेर मोजून पटवून घेतली, त्याने हवेच्या बाबतीत तीच शिस्त लावून घ्यावयास कचरण्याचे कारण नाही.